साडेचार म्हणजे नक्की किती?

जालन्यात सळईचं माप अजूनही सुतात चालतं. कारखान्याच्या टॅगवर मिलिमीटर असतात, इंजिनियरच्या नकाशात मिलिमीटर असतात, सरकारी मानकातही मिलिमीटरच; पण दुकानापुढे ट्रॅक्टरची ट्रॉली लावून मिस्त्री बोलतो ते ‘तीन सुती दोन बंडल, चार सुती एक’ एवढंच. तीन सूत म्हणजे १० मिलिमीटर, चार सूत म्हणजे १२. आता सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. या हिशेबाने तीन सूत साडेनऊ भरायला हवेत आणि चार सूत १२.७. तीन सुतीला अर्धा मिलिमीटर फुकट मिळाला म्हणून कुणी पेढे वाटत नाही आणि चार सुतीला पाऊण मिलिमीटर कमी पडला म्हणून कुणी ग्राहक मंचात जात नाही. स्लॅब उभा राहतो, वास्तुशांत होते, विषय संपतो.

खरं माप काट्यावर कळतं, ही इथली श्रद्धा. १२ मिलिमीटरची सळई मीटरला ८८८ ग्रॅम भरली पाहिजे आणि भारतीय मानक तिला पाच टक्के इकडेतिकडे व्हायची मुभा देतं. (व्यासाचा वर्ग करायचा, १६२ ने भागायचं, मीटरचं वजन किलोत हातात. हे गणित दुकानातल्या दहावी नापास पोऱ्याला तोंडपाठ असतं आणि बी. ई. झालेल्या साइट इंजिनियरला मोबाईलमध्ये शोधावं लागतं.)

अशा गावात, अशाच एखाद्या सळईवाल्या शेठच्या घरात, लेक एअर रायफल शिकायला लागते. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं, तेव्हा महाराष्ट्रातल्या अनेक बापांना अचानक आठवलं की आपल्या पोरीचा नेम लहानपणापासूनच चांगला आहे. राजूरला अंगारकीच्या गर्दीत तिने तीन फुगे फोडले होते. चौथा का राहिला? बंदूकच वाकडी होती. ही चौथ्या फुग्याची सबब लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण नेमबाजीतलं पुढचं सगळं तत्त्वज्ञान तिच्यातूनच निघतं.

४.५ मिलिमीटर व्यासाच्या, २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. पोलीस ठाण्यात खेटे नाहीत, कलेक्टर कचेरीत अर्ज नाही. शेठ खूश. रायफल येते. कोच छर्रे आणायला सांगतात. शेठ म्हणतात, ‘द्या की मंग. साडेचारचे.’

‘कोणते साडेचार, शेठ?’

‘कोणते म्हणजे? साडेचार ते साडेचार.’

‘४.४९ साडेचार देऊ, ४.५० साडेचार देऊ, का ४.५१ साडेचार?’

शेठना आयुष्यात कुणी असा प्रश्न विचारलेला नसतो. ते डबा हातात घेतात. चपटा, गोल, पत्र्याचा, पाचशे नगांचा. झाकणावर जर्मन कंपनीचं नाव आणि एका कोपऱ्यात, नजर चुकेल अशा ठिकाणी, तो आकडा. दोन डब्यांत फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा. ‘सर,’ शेठ डबा खाली ठेवत म्हणतात, ‘एवढ्या जागेत तर आमच्या सळईवरचा गंजसुद्धा मावत नाही.’

पण व्यापारी माणूस दुसऱ्याच्या शब्दावर माल उचलत नाही. दुसऱ्या दिवशी शेठ दुकानातला डिजिटल व्हर्नियर घेऊन येतात, एक छर्रा चिमटीत धरतात आणि जबड्यात अडकवतात. ४.४८. ‘बघा, डब्यावर ४.५० लिहिलंय.’ छर्रा थोडा फिरवून पुन्हा मोजतात. ४.४६. तिसऱ्यांदा जरा नीट, घट्ट धरून: ४.४२. कोच शांतपणे सांगतात की छर्रा शिशाचा आहे, शिसं मऊ असतं आणि शेठ त्याला मोजत नसून चेपत आहेत. तिसऱ्या मोजणीनंतर तो छर्रा गोल उरलेलाच नसतो. टीएमटी सळईने असला नाजूकपणा कधी दाखवलेला नाही. (जाता जाता: शिसं हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे आणि मगच भेळेच्या कागदाकडे वळायचं. रेंजवरचा हा नियम व्यासाच्या नियमापेक्षा जास्त मोडला जातो.)

तरी प्रश्न उरतोच, की या शंभराव्या भागाने बिघडतं काय?

छर्रा डमरूच्या आकाराचा असतो. पुढे डोकं, मध्ये बारीक कंबर, मागे पोकळ घेर. नळीच्या आतल्या भिंतीवर पिळाच्या खाचा कोरलेल्या असतात. त्या छर्र्याला फिरकी देतात आणि फिरकीमुळे तो सरळ जातो. डोकं या पिळावर टेकून घसरत गेलं पाहिजे. मागचा घेर हवेच्या दाबाने फुलून नळी बंद करतो. डोकं बारीक असेल तर छर्रा नळीत डुलत जातो आणि बाहेर पडताना कोणत्या अंगाला कलला असेल त्याची खात्री नाही. डोकं जाड असेल तर घासतो, चेपला जातो, एकदा वेगात सुटतो, एकदा मंद. आणि हे सगळं कशासाठी? दहा मीटरवरच्या त्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, म्हणजे गोळी निशाणापेक्षा नऊपट जाड. आता गुण दशांशात मोजतात. सर्वोत्तम गोळी १०.९ ची आणि पाव मिलिमीटर सरकलं की एक दशांश गेला. साठ गोळ्यांच्या स्पर्धेत असे दशांश सांडत गेले की बाप स्टँडमध्ये बसून कॅल्क्युलेटर बडवतो.

गंमत अशी, की गोळी आणि नळी यांच्या मापाचं हे भांडण जालना जिल्ह्याला अजिबात नवं नाही. जिल्ह्याच्या उत्तरेला, खेळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात असई नावाचं गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ ला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेवर इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली तिथे चालून गेला. वाटाड्यांनी शपथेवर सांगितलं होतं की पुढे नदीला उतार नाही. वेलस्लीला पलीकडे आणि अलीकडे समोरासमोर दोन गावं दिसली आणि त्याने ठरवलं की उतार असणारच. मराठवाड्यातली दोन गावं समोरासमोर आहेत आणि एकमेकांकडे जायला वाट नाही, म्हणजे सोयरिकी नाहीत, उसनवारी नाही आणि बांधावरून भांडणंही नाहीत, असं होणं शक्यच नव्हतं. डब्लिनमध्ये जन्मलेल्या माणसाला हे नकाशाशिवाय कळलं, याचं कौतुक करायला हवं.

तर त्या दिवशी इंग्रजी पायदळाच्या हातात जी ‘ब्राउन बेस’ बंदूक होती, तिच्या नळीचा व्यास होता पाऊण इंच, म्हणजे १९ मिलिमीटर. तिच्यात जाणारी शिशाची गोळी होती सुमारे ०.६९ इंचाची, साडेसतरा मिलिमीटर. मधली फट दीड मिलिमीटर. जालन्याच्या भाषेत गोळी अर्धा सूत ढिली. आजच्या कोचला शंभरावा भाग छळतो. त्या सैन्याने त्याच्या दीडशेपट फट घेऊन लढाई जिंकली आणि पुढे वॉटर्लूही जिंकलं.

ती गोळी ढिली चुकून नव्हती, मुद्दाम होती. काळ्या दारूची काजळी दोन-चार बारांत नळीत जमते. घट्ट गोळी मग आत जाईना. तरबेज शिपायाने मिनिटाला तीन बार काढायचे असत, त्यामुळे गोळी तोंडातून टाकली की घरंगळत तळाला गेली पाहिजे. उडाल्यावर ती भिंतींवर आपटत बाहेर येई आणि शेवटची आपट ज्या बाजूला बसली असेल त्याच्या उलट दिशेला निघून जाई. कर्नल जॉर्ज हँगर या इंग्रज अधिकाऱ्याने १८१४ मध्ये साफ लिहून ठेवलं की साध्या शिपायाच्या बंदुकीने दोनशे यार्डांवरच्या माणसावर नेम धरणं आणि चंद्रावर नेम धरणं सारखंच. उपाय एकच, पाचशे माणसांनी एकदम उडवायची. कुणाची तरी लागतेच.

शिंद्यांच्या कंपूचं, म्हणजे कवायती फौजेचं, बलस्थान मात्र तोफा. त्या आग्र्याला सँग्स्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली ओतवून घेण्याची सोय, हा कंपू उभारणाऱ्या द बॉयन्यच्या काळापासून होती आणि ओतकाम असं, की लढाईनंतर हाती आलेल्या ९८ तोफांची तारीफ खुद्द शत्रूने केली. असईला कंपू चालवत होता हॅनोव्हरचा पोलमन. इंग्रजांकडचे ४२८ मेले आणि ११३८ जखमी झाले, ते मुख्यतः या तोफांनी. जवळून मारताना तोफेत एक मोठा गोळा न घालता पत्र्याच्या डब्यात भरलेल्या असंख्य लहान गोळ्या घालत. तिथे व्यासाचा प्रश्नच उद्भवत नाही. छर्रा पाचशेच्या डब्यात येतो, हे तेव्हाही खरंच होतं म्हणायचं. फक्त तेव्हा पाचशे एकदम जात आणि आता एकेक.

नेमका घट्टपणा आणि भरण्याचा ढिलेपणा, हे दोन्ही एकाच गोळीत आणण्याची युक्ती १८४९ मध्ये क्लोद मिनिए या फ्रेंच कॅप्टनने केली. गोळी नळीपेक्षा बारीक ठेवायची, पण बुड पोकळ ठेवायचं. बार उडाला की दाबाने बुड फुलतं आणि पिळात घट्ट बसतं. १८५३ च्या एनफिल्ड रायफलमध्ये हीच करामत होती. नळी ०.५७७ इंच, गोळी ०.५६८. शंभर यार्डांवर भोंगळ वागणारी बंदूक आता कित्येक शे यार्ड नेमाने मारू लागली. हिंदुस्थानच्या उन्हात आणि काजळीत मात्र तेवढीही गोळी नळीत अडकू लागली आणि १८५९ मध्ये तिचा व्यास ०.५५० इंचावर आणावा लागला. एनफिल्डच्या काडतुसाने १८५७ मध्ये काय घडवलं ते शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. पण इतिहासाच्या पेपरात चरबीला पाच मार्क असतात, व्यासाला शून्य.

शेठच्या लेकीच्या छर्र्याचा पोकळ घेर म्हणजे मिनिएची ती युक्तीच, फक्त दारूच्या जागी दाबलेली हवा.

गोळी नळीला जुळवण्याच्या या वेडाचं माहेर मात्र अमेरिका. तिकडे एकबारी रायफल आणि घरी ओतलेली शिशाची गोळी, एवढ्यावर आयुष्य काढणारी एक जमात एकोणिसाव्या शतकापासून आहे. तिचा दंडक सोपा आहे: नळीवर छापलेला आकडा मानायचा नाही. मऊ शिशाचा तुकडा नळीतून दामटून काढायचा, त्याच्यावर उमटलेल्या खाचांचा व्यास मायक्रोमीटरने मोजायचा आणि गोळी त्याहून इंचाचा हजारावा भाग जाड ठेवायची. बारीक गोळीच्या कडेने पेटता वायू निसटतो, शिसं वितळवतो आणि नळीत थर बसवतो. मग रायफल दिवसभर घासत बसा. साचा एकच असला तरी धातू बदलला की गोळीचं माप बदलतं. निव्वळ शिसं थंड होताना जास्त आकसतं, अँटिमनी मिसळलं की कमी. जालन्याच्या फाउंड्रीत काम केलेल्या कुणालाही हे सांगावं लागणार नाही. पॅटर्न करतानाच तो आकसण्याचा हिशेब धरतो आणि चहाला जातो.

या जमातीचा कुलगुरू हॅरी पोप, १८६१ ते १९५०. याच्या नळ्यांसाठी लोक वर्षानुवर्षं थांबत. त्याच्या पद्धतीत काडतूस मागून भरायचं पण गोळी मात्र तोंडाकडून, म्हणजे ती मागच्या कडेला खरवडली न जाता नळीच्या पिळात आधीच कोरून बसते. एका गोळीसाठी बंदूक दोन्ही टोकांनी भरण्याचा उद्योग ज्यांना पटतो, त्यांच्याशी वाद घालू नये. त्याच्या कारखान्यात पाटी होती, तिचा मथितार्थ असा: कधी देईन ते सांगणार नाही, नीट झालं की न्या, नाहीतर दुसरीकडून करून घ्या. पाटी जर्सी सिटीत होती, सदाशिव पेठेत नव्हती.

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार दारूगोळा तयार करायला परवाना लागतो. त्यामुळे मोसंबीच्या बागेतल्या शेडमध्ये शिसं वितळवून हा छंद जोपासायचा कुणी विचार केलाच, तर त्याचा फोटो पेपरात येईल, पण क्रीडापानावर नाही. रानडुकरं आणि रोही पिकात घुसतात म्हणून शेतकरी पाइपची आवाजाची तोफ वाजवतो. तिच्यात गोळीच नसते, म्हणून सगळ्या प्रकारात मापाची कटकट नसलेलं हे एकमेव हत्यार.

कोच शेवटी शेठना समजावण्याचा नाद सोडून रायफल वाइसमध्ये आवळतात. माणूस बाजूला. ४.४९ चे पाच छर्रे, एका कागदावर. ४.५० चे पाच, दुसऱ्यावर. ४.५१ चे पाच, तिसऱ्यावर. पाचही गोळ्यांचं मिळून एकच भोक पडतं. ते छर्र्याच्या व्यासाच्या जितकं जवळ तितका छर्रा नळीला मानवला. कारखान्यातून रायफल येतानाही असा एक कागद बरोबर येतो, सुंदर एकच भोक पडलेला. आईबाप तो फ्रेम करून घेतात आणि पोरगी तसं भोक पाडू शकत नाही म्हणून बोलतात.

शेठ तिन्ही कागद उजेडाकडे धरतात. एकाचं भोक गोल, एकाचं जरा लांबट, एकाला कान फुटलेला. रायफलने ४.५० पसंत केलेला असतो. शेजारच्या मुलाची रायफल, तीच कंपनी, तेच मॉडेल, तिला ४.४९ आवडतो. का? नळ्या वेगळ्या. डब्यावरचं माप डब्याचं, रायफलला त्याच्याशी काही देणंघेणं नसतं.

मग कोच रायफल सोडवून पोरीच्या हातात देतात आणि चौथा कागद लावतात. पाच गोळ्या, पाच भोकं, पाच निरनिराळ्या ठिकाणी. उभ्याने, साडेपाच किलोपर्यंतची रायफल धरून, श्वास रोखून आणि छातीची धडधड सांभाळून मारलेल्या गोळ्यांचा पसारा वाइसमधल्या पसाऱ्याच्या कितीतरी पट. कोणता छर्रा होता, हे त्या कागदावरून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. नवशिक्याला पहिलं वर्ष कोणताही बरा छर्रा चालतो, हे कोचांना माहीत असतं. ते बोलत नाहीत, कारण छर्र्याला दोष देता येणं ही या खेळातली मोठी सोय आहे. क्रिकेटवाल्याला खेळपट्टी लागते, गवयाला तबलजी लागतो, नेमबाजाला छर्र्यांचा लॉट. नाचता येईना अंगण वाकडे, फक्त इथलं अंगण खरोखरच मायक्रोमीटरने वाकडं निघू शकतं; म्हणून सबब पुरून उरते.

वरच्या पायरीवर मात्र ती सबब राहत नाही. २०१० मध्ये म्युनिकला जागतिक अजिंक्यपद मिळवणारी कोल्हापूरची तेजस्विनी सावंत किंवा पॅरिसच्या पदकापर्यंत मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस असलेला कुसळे ज्या रायफलने ५० मीटरवर मारतात, तीही एकबारीच. प्रत्येक गोळीला खटका उघडायचा, एक काडतूस ठेवायचं, बंद करायचं. तिथे दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. इंग्लंडची एली असो की फिनलंडची लापुआ, डब्यावर लॉट नंबर असतो आणि अव्वल नेमबाज आपली रायफल घेऊन कंपनीच्या चाचणी रेंजवर जातो. तिथे वेगवेगळे लॉट त्याच्या नळीतून उडवून बघतात आणि जो जमेल तो लॉट हजारांच्या हिशेबात उचलतात. एकाच यंत्रावर, एकाच कंपनीने, एकाच नावाने बनवलेली काडतुसं. तरी सोमवारची चालतात आणि गुरुवारची चालत नाहीत.

राष्ट्रीय स्पर्धेच्या वाटेवर पोरीला आधी राज्य स्पर्धा आणि मग मावळणकर खेळायची असते. लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळणकर १९५१ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल रायफल असोसिएशनचे संस्थापक अध्यक्ष होते, म्हणून स्पर्धेला त्यांचं नाव. सभागृहात ‘शांतता, शांतता’ म्हणण्यात ज्यांचा दिवस जायचा, त्यांच्या नावाची स्पर्धा अशा खेळात व्हावी की जिथे प्रेक्षकाने खोकलं तरी माना वळतात, हा योग चांगला आहे.

स्पर्धा दोन महिन्यांवर येते आणि मानवलेला ४.५० चा डबा तळाला लागतो. शेठ आता जाणकार झालेले असतात. ते पुण्याच्या दुकानदाराला फोन लावतात आणि छर्र्यांच्या आधी लॉट नंबर वाचून दाखवतात. तो लॉट संपलेला असतो. कंपनी तीच, आकडा तोच, लॉट पुढचा.

‘बरं, एक डबा सँपल पाठवा,’ शेठ म्हणतात, ‘आमच्या नळीला पसंत पडला तर वीस उचलतो. नाही पडला तर परत घ्या.’

‘फोडलेला डबा परत होत नाही, काका.’

‘अन् आमच्याकडं कापून, वाकवून, रिंगा केलेली सळई परत येती ती?’